पूजेत मांडलेला लॅपटॉप

लातूरच्या कोर्टात स्वतःच्या लॅपटॉपवर इतका खूश असलेला वकील राजशेखरसाहेबांशिवाय दुसरा नव्हता. पक्षकार सुटला तरी त्यांना एवढं चढत नसे. लॅपटॉपचा विषय निघाला की साहेब खुर्चीत सरसावून बसायचे. “अख्ख्या डिस्कला एन्क्रिप्शन हाय,” म्हणायचे. “म्हंजे काय? म्हंजे आतलं एक न् एक अक्षर कुलुपात. ब्रह्मदेव आला तरी उघडायचं न्हाई.” आणि समोरचा मान डोलवून राहिला की नाही, हे चष्म्यावरून बघायचे.

बुद्धप्रियाचे हे ऐकून ऐकून कान किटले होते. ती मूळची नांदेडची. वकिलीची परीक्षा झाल्यावर लातूरला आली आणि साहेबांच्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत जे ऑफिस होतं, तिथं ज्युनिअर म्हणून राबायला लागली. नवरा-बायकोच्या भांडणांच्या केसेस जास्त. कुणाच्या अंगावरच्या वळांचे फोटो, कुणाच्या माहेरची भानगड, सगळं त्या लॅपटॉपात. म्हणून तिनंच मागं लागून दुकानदाराकडून एन्क्रिप्शन करून घेतलं होतं. तेव्हा साहेबांनी केवढी आदळआपट केली होती! “रोज सकाळी एवढा लांबलचक पासवर्ड टाकत बसू का? जप हाय का त्यो?” असं म्हणणारा हाच माणूस. आता कुणाला सांगायला गेलं तर खोटं वाटेल.

मध्यंतरी झाली चोरी. साहेब एका तारखेसाठी नांदेडला गेले होते. गाडीच्या मागच्या सीटवर बॅग टाकून चहा प्यायला उतरले, तेवढ्यात कुणीतरी काच फोडून बॅग लांबवली. पुढं पोलिसांनी चोर धरला आणि लॅपटॉप परत मिळाला. चोरानं तो उघडायची लई खटपट केली होती, पण पासवर्डाशिवाय त्याला आतलं एक अक्षर वाचता आलं नव्हतं. इथवर सगळं खरं, आणि चांगलंही. डिस्कचं कुलूप असतं ते ह्याच्यासाठीच.

पण ते कुलूप त्या दिवशी लागलेलं का होतं, ते ऐका. लॅपटॉप पुरता बंद होता म्हणून. आणि बंद का होता, तर साहेब चार्जर लातूरला विसरले होते आणि बॅटरी वाटेतच संपली होती. एरवी ह्या माणसानं लॅपटॉप कधी बंद केलाच नाही. काम झालं की झाकण आपटायचं आणि उठायचं. झाकण उघडल्यावर पुन्हा पासवर्ड मागायला नको म्हणून ती सोयही त्यांनी स्वतःच काढून टाकली होती. थोडक्यात, आळस आणि विसराळूपणा ह्यांनी मिळून त्यांची अब्रू राखली.

शहाण्या माणसाला ह्यातून एवढंच कळलं असतं, की बंद लॅपटॉप चोरीला गेला तर आतलं सुरक्षित राहतं. साहेबांना कळलं की आपण जिंकलो. बार रूममध्ये त्यांचा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. ‘वकील आणि डिजिटल सुरक्षा’ असा विषय घेऊन ते जे बोलायला उभे राहिले ते बसेचनात. शेवटच्या रांगेत बसलेल्या बुद्धप्रियाचं नाव त्यांच्या तोंडून एकदाही आलं नाही. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट, पदराआड हसू दाबताना तिची तारांबळ झाली.

दुसऱ्या दिवशी तिनं समजावून पाहिलं. तेवढं तिनं केलं, हे कबूल करायला हवं.

“सर, हे कुलूप लॅपटॉप बंद असला तरच लागलेलं असतं. तुम्ही एकदा पासवर्ड टाकलात की ते उघडलं. मग पुढ्यात तुम्ही बसलात का आणखी कोण, त्याला काय कळणार? आणि झाकण लावलं तरी तो नुसता झोपतो, बंद होत नाही.”

“म्हंजे एवढा खर्च केलेला फुकट का?”

“फुकट नाही. चोराला अडवतंय ते.”

“मग मी येगळं काय सांगून राहिलो?”

“चोर घरात येऊन समोर बसला तर अडवत नाही, असं म्हणतेय मी.”

साहेब हसले. “आपल्या घरात चोर कशाला येतोय बाई? आपल्याकडं भली माणसं येत्यात.”

पालथ्या घड्यावर पाणी. ह्याच साहेबांनी परवाच एका बाईची अख्खी फाईल तिच्या भावाला व्हाट्सॲपवर पाठवली होती, आणि भावानं ती कुणाकुणाला पाठवली ते देव जाणे. गाडीच्या किल्लीला पेनड्राइव्ह लटकत असायचा, त्यात सगळ्याच्या कॉप्या. लॅपटॉपातून बाहेर पडलेल्या फायलीच्या मागं मागं कुलूप जात नसतं, हे तिनं सांगितलं, तर म्हणाले, “तुला लई शंका. नांदेडची माणसंच संशयी.”

त्या दिवसापासून बुद्धप्रियानं सांगणं सोडलं. बोलण्यातून सोडलं, मनातून नाही. मनातल्या मनात ती त्या माणसाचा रोज पंचनामा करायची. त्यांचं चष्म्यावरून बघणं, ‘एन्क्रिप्शन’ म्हणताना छाती फुगवणं, सगळं तिला पाठ झालं होतं. नांदेडजवळच्या विष्णुपुरीला तिची पंचफुला मावशी इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी मेस चालवायची. तिला फोन करून ही साहेबांची हुबेहूब नक्कल करायची आणि मावशी हसून हसून खोकायला लागायची. मूर्ख माणसाच्या हाताखाली काम करण्यात एक सुख असतं. आपण शहाणे आहोत हे रोज नव्यानं सिद्ध करावं लागत नाही, ते आपोआप होत राहतं. बुद्धप्रियाला ह्या सुखाची चटक लागली होती.

त्याच सुमाराला मंजुश्रीची केस आली.

मंजुश्री देवणीची, दिलेली उदगीरला. नवरा रविकिरण, सासरे शिवप्पा. उदगीरच्या मोंढ्यात त्यांची धान्याची आडत, मोठं घर, गावात वट. रविकिरणचा हात उठायचा आणि तो उठला की घरातलं कुणी मधे पडत नसे. एकदा कानशिलात अशी बसली की मंजुश्रीला त्या कानानं ऐकू येईनासं झालं. तेव्हा ती पाच वर्षांच्या सृष्टीला घेऊन देवणीला माहेरी आली. तर मागोमाग हे लोक जीप घेऊन दारात. पोरीला उचलून जीपमध्ये घातलंच होतं, शेजारच्या बाया धावून आल्या म्हणून परत मिळाली.

“त्यांना पोरीची माया न्हाई, ताई,” मंजुश्रीनं बुद्धप्रियाला सांगितलं होतं. “मामंजी माझ्या तोंडावर म्हणाले, पोरगी उचला, आई आपोआप मागं येती. गाईच्या वासराला पुढं घालून नेतात तसं. आणि खरं हाय ते. सृष्टी तिकडं गेली तर मी जाणार. मार खायला का होईना, जाणार.”

म्हणजे सगळं ह्या एका गोष्टीवर येऊन ठेपलं होतं. पोरीच्या ताब्याचा अर्ज कोर्टात पडला होता, तारीख दिवाळीनंतरची. तोवर ह्या दोघी कुठं आहेत हे उदगीरला कळता कामा नये. बुद्धप्रियानं त्यांना आपल्या मावशीकडं विष्णुपुरीला ठेवलं. मंजुश्री मेसच्या पोळ्या लाटायची, सृष्टी अंगणात खेळायची. कोर्टाच्या कागदावर पत्ता ऑफिसचाच टाकला होता.

पण साहेबांना शिस्त लागते ना! “पक्षकार राहतो कुठं, ते आपल्या फायलीत पायजे,” म्हणाले. “उद्या मला काय झालं तर?”

“सर, हे डोक्यात राहू द्या. लिहायला नको.”

“अगं, लिही. ही तिजोरी हाय.” आणि लॅपटॉपवर थाप मारली.

बुद्धप्रियानं लिहिलं. मावशीचं नाव, मेस, कॉलेजच्या मागची गल्ली, सगळं टाइप केलं. हुज्जत घालून दमण्यापेक्षा टाइप करणं सोपं होतं.

मग आली खंडेनवमी. आपल्याकडं त्या दिवशी ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा. शेतकरी नांगर पुजतो, शिंपी मशीन पुजतो, मोंढ्यात काटे-तराजू पुजतात. वकिलांनी कायद्याची पुस्तकं पुजावीत, तशी साहेब पुजायचेही. पण ह्या वर्षी पाटावर मधोमध लॅपटॉप बसला. साहेबांच्या आई कमलम्मा, वय झालेलं, डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांनी चाचपडत झाकणाला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, पुढं समई लावली. साहेबांनी स्क्रीनवर महादेवाचं चित्र लावलं. आता ह्या गृहस्थाला प्रत्येक केसचं फोल्डर स्क्रीनवरच लागायचं, आत कुठं नीट ठेवायची सवय नाही. त्यामुळं महादेवाच्या जटेपासून मांडीपर्यंत नुसती फोल्डरं. नवरा-बायकोच्या नावांनी. अर्धा देव घटस्फोटांनी झाकलेला.

“अव्वा, बग कसं तेज आलंय,” साहेब आईला म्हणाले.

“मला काय दिसतंय रे बाबा. उजेड दिसतोय.”

स्क्रीन थोड्या वेळानं आपोआप काळी व्हायची. साहेबांना ते खपेना. सेटिंगमध्ये जाऊन त्यांनी ती कधीच बंद होणार नाही अशी करून ठेवली आणि चार्जर जोडून दिला.

“सर, हे काय?”

“पूजेतला दिवा विझवत्यात का? दसऱ्यापत्तुर पूजा हलवायची न्हाई. चालू राहू दे.”

“लॉक तरी करा. लॉक केल्यावर सुद्धा चित्र लावता येतं.”

“त्याच्यावर घड्याळ येतंय. महादेवाच्या कपाळावर घड्याळ? शोभतं का?” मग समजुतीच्या सुरात, लहान मुलाला सांगावं तसं, “बाई, एन्क्रिप्शन हाय त्याला. इसरलीस का?”

बुद्धप्रियानं हात जोडले. पूजेला नव्हे, ह्या माणसाच्या अकलेला.

साहेब प्रसादाचं ताट आणायला आत गेले. खोलीत ती एकटीच. स्क्रीन लखलखत होती, फोल्डरांची नावं दारातूनसुद्धा वाचता येत होती. लॉक करायला दोन बोटं पुरली असती. तिचा हात पुढं गेलासुद्धा. मग वाटलं, हे परत येतील, बघतील, आणि पूजा मोडली म्हणून घर डोक्यावर घेतील. आणि खरं सांगायचं तर आणखी एक वाटलं. असू दे. एकदा ठेच लागू दे मेल्याला. लागल्याशिवाय कळायचं नाही. गावभर भाषणं देतोय, एकदा तोंडावर आपटू दे. असं वाटल्यावर तिला बरं वाटलं. प्रसाद घेतला, कमलम्मांच्या पाया पडली आणि नांदेडची बस धरली. अहमदपूर येईस्तोवर मावशीला फोनवर महादेवाच्या कपाळावरचं घड्याळ ऐकवून झालं होतं. दोघी पोट धरून हसल्या.

दसऱ्याला तिच्या घरी धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गडबड. पांढरी साडी, विहारात वंदना, दुपारी घरभर पाहुणे. संध्याकाळी ती विष्णुपुरीला जाऊन आली. सृष्टीला पांढरा फ्रॉक नेला होता. पोरगी तो घालून मेसमधल्या प्रत्येक पोरापुढं गिरकी घेऊन आली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मावशीचा फोन. मागून मंजुश्रीचा आवाज येत होता, नुसताच आवाज, शब्द नाहीत.

झालं होतं ते अगदी सोपं. कसली जीप नाही, कसला दांडगावा नाही. आत मेसच्या नाश्त्याची घाई. बाहेर एक पांढरी गाडी थांबली, त्यातून शिवप्पा उतरले. स्वच्छ धोतर, कपाळाला भस्म, हातात आपट्याची पानं. अंगणातल्या सृष्टीनं बघितलं आणि “अज्जा!” म्हणून धावत जाऊन त्यांच्या पायांना मिठी मारली. कुणी तिला ओढलं नाही. मेसच्या दोन पोरांनी डोळ्यांनी बघितलं, त्यांना वाटलं, आजोबा आलेत. पोरगी हसत हसत गाडीत बसली.

बुद्धप्रिया पोलीस ठाण्यात गेली, तर तिथल्या साहेबांनीही तेच म्हटलं. “आजोबासंगं गेली. खुशीनं गेली. ह्याच्यात अपहरण कुठं बसवू, तुम्हीच सांगा मॅडम, तुम्ही वकील हाव.” बुद्धप्रियानं कलमं सांगितली, त्यांनी ऐकली, अर्ज घेतला, बाजूला ठेवला.

मंजुश्री मेसच्या पायरीवर बसून होती. रडणं आटोपलं होतं. “त्यांना पत्ता कुणी दिला?” एवढंच ती विचारत होती, कुणाकडं न बघता. “कुणी दिला?”

पत्ता माहीत असलेली माणसं किती? मावशी, मंजुश्री, बुद्धप्रिया. आणि लातूर. बुद्धप्रिया तिथूनच उठली आणि मिळेल त्या बसनं लातूरला निघाली. लोहा मागं पडलं, अहमदपूर मागं पडलं, तिला बाहेरचं काही दिसत नव्हतं. डोळ्यांपुढं ती लखलखती स्क्रीन आणि त्यावरचं एक फोल्डर. ‘मंजुश्री-रविकिरण’. स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात, महादेवाच्या खांद्यावर.

साहेब वामकुक्षी आटोपून ऑफिसात बसले होते. पूजा उतरवली होती, पण लॅपटॉपवरचं हळद-कुंकू पुसलं नव्हतं. ऐकून घेतल्यावर त्यांनी पहिली गोष्ट काय म्हणावी?

“आपल्याकडून शक्यच न्हाई. आपलं एन्क्रिप्टेड हाय. तुझ्या मावशीच्या मेसमधी पन्नास पोरं येत्यात, त्यातलंच कुणीतरी बोललं आसंल. न्हाईतर पोरीच्या आईनंच फोन केला आसंल. बायकांचं काय सांगावं.”

“दसऱ्याला इथं कोण कोण आलं होतं?”

“दसऱ्याला? समदं गाव आलं. सोनं द्यायला येत्यात लोकं.”

“शिवप्पा आले होते?”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. “आले होते,” म्हणाले. “मग? दसऱ्याला दारात सोनं घेऊन आलेल्या माणसाला भाईर उभं करू का? कोर्टात वैरी असतील, दसऱ्याला न्हाईत. वाडवडलांपासनं चालत आलंय. उदगीरहून एवढ्या लांबून आला माणूस, म्हणलं, तडजोडीचं बोलायचं आसंल. इथंच बसवलं, ह्या खुर्चीत.”

“पूजेसमोर.”

“पूजेसमोरच की. लई तारीफ केली त्यांनी. मी लॅपटॉपचं सांगितलं, कसं एन्क्रिप्शन आसतंय, कसं कुणाला उघडता येत न्हाई. मन लावून ऐकलं माणसानं. म्हणाले, वकीलसाहेब, आमच्या आडतीवरच्या कम्प्युटरला पण असंच करून घेतो.”

“आणि मग तुम्ही?”

“मी काय? चहाचं सांगायला आत गेलो. तेवढ्यात फोन आला, एक जज्जसाहेब होते, दसऱ्याच्या शुभेच्छा. त्यांचा फोन मधीच ठेवता येतो का?”

आतून कमलम्मा भिंत धरत आल्या. त्यांना बोलण्यातलं ‘शिवप्पा’ एवढंच कळलं होतं. “शिवप्पा ना?” त्या कौतुकानं म्हणाल्या. “लई देवभोळा माणूस. मी चहा घेऊन आले तर पूजेपुढं वाकून उभा. फोटो काढून घेतो म्हणला, अव्वा. इतकी चांगली पूजा मी कुठं बघितली न्हाई म्हणला. चार-पाच फोटो काढून घेतले बघ.”

बुद्धप्रियानं लॅपटॉप ओढला. झाकण उघडलं, अर्थातच पासवर्ड मागितला नाही. अलीकडं उघडलेल्या फायली तिनं समोर आणल्या. सगळ्यांत वर मंजुश्रीची फाईल. उघडली होती दसऱ्याच्या संध्याकाळी. तिनं स्क्रीन साहेबांकडं फिरवली.

आता हा माणूस खाली मान घालेल, निदान एकदा ‘अरेरे’ म्हणेल, असं तिला वाटलं होतं. एवढ्या दिवसांत तिनं त्याला ओळखलं नव्हतं म्हणायचं. साहेबांनी स्क्रीन वाचली, ओठ मुडपले, आणि म्हणाले, “मग बरोबरच हाय की. त्यांनी फोटो काढला. आता फोटो काढला तर त्याच्यात एन्क्रिप्शनचा काय दोष?”

वाक्य खरं होतं, हीच तर आग लावणारी गोष्ट. एन्क्रिप्शनचा काहीच दोष नव्हता. ते बिचारं चोराची वाट बघत बसलं होतं, आणि चोराला ह्यानं खुर्ची दिली, वर चहा.

“तुमच्यासारख्या माणसाच्या हातात लोकांच्या लेकीबाळी द्यायच्या म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या,” बुद्धप्रिया म्हणाली. आवाज चढला होता, चढू दिला तिनं. “नाही, चोर तरी बरा, त्याला कळतं आपण काय करून राहिलोय ते. तुम्हाला लाज कशी वाटत नाही सर? तिकडं एक बाई पायरीवर बसलीय. तिची पोरगी नेली. तुमच्या शोभेच्या महादेवापायी.”

“देवाला मधी आणू नको.”

“तुम्हीच बसवलात की त्याला मधे!”

साहेब उठून उभे राहिले. ज्युनिअरनं कसं बोलावं ह्यावर सांगायला लागले. ती ऐकायला थांबली नाही. मंजुश्रीच्या केसचे कागद उचलले, पिशवीत घातले, आणि त्या ऑफिसच्या पायऱ्या उतरली. उतरताना तिला, लाजिरवाणं आहे पण होतं तसं सांगायला हवं, हलकं वाटत होतं. इतके दिवस पोटात साठवलेलं तोंडावर फेकून आली होती. आता स्वतः केस चालवायची. पोरीला तातडीनं परत मिळवण्यासाठी उद्याच अर्ज करायचा, ठाण्यातल्या साहेबांना नोटीस द्यायची. परतीच्या बसमध्ये ती मनातल्या मनात मसुदा करत होती.

विष्णुपुरीला पोचली तर मंजुश्रीची पिशवी भरून दारात ठेवलेली. सासऱ्यांचा फोन येऊन गेला होता. शिव्या नाहीत, धमकी नाही. फक्त सृष्टीच्या हातात फोन दिला. सृष्टी म्हणाली, आई, तू कधी येतीस?

“जाऊ नको,” बुद्धप्रिया म्हणाली. “उद्या अर्ज करतो आपण. थोडे दिवस काढ. आता तू गेलीस तर सगळं हातचं जाईल. त्यांना हेच पाहिजे.”

“मला म्हाईत हाय त्यांना काय पायजे ते.” मंजुश्री शांत होती. ऐकू येणारा कान पुढं करून बोलायची तिची सवय, तशी मान किंचित वाकडी करून बसली. “कळलं का, पत्ता कसा गेला?”

बुद्धप्रियानं सांगितलं. सगळं सांगितलं, खंडेनवमी, दसरा, सोनं, फोटो. साहेबांचं शेवटचं वाक्यसुद्धा, त्यांच्याच आवाजात. नक्कल करायची म्हणून नव्हे, जिभेला ती सवयच झाली होती. स्वयंपाकघरातून मावशी बघत होती. हसली नाही.

“रातभर चालू ठिवलं होतं ते?”

“दोन दिवस.”

“तुम्ही निघाला तवा चालूच होतं?”

“होतं.”

“बघितलं तुम्ही.”

“बघितलं ना! मी सांगितलं त्यांना, लॉक करा म्हणून सांगितलं. ऐकतो का तो माणूस? त्याला अक्कल असती तर—”

“त्यांना अक्कल न्हाई,” मंजुश्री म्हणाली, “हे मला पयल्याच दिवशी कळलं होतं, ताई. मी त्यांच्या भरवशावर कुठं होते? मी तुमच्या भरवशावर होते.”

ती रागानं बोलली नाही. हिशेब चुकला तर दुकानदाराला सांगतो, तशी बोलली. बुद्धप्रियाच्या तोंडात साहेबांबद्दलचं पुढचं वाक्य तयार होतं, चांगलं झणझणीत, आणि ते आता कुठं ठेवावं हे तिला कळेना.

मावशी पोळ्या बांधून घेऊन आली. मंजुश्रीनं त्या पिशवीत घातल्या, मावशीच्या पाया पडली आणि उदगीरची शेवटची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.